ॲम्प वाजला की घर लागलं

३ ऑक्टोबर, शुक्रवार

नवा देश, नवी नोकरी, नवं घर. तिसरा मजला, लिफ्ट नाही. दोन खोल्या. एक खिडकी रस्त्यावर, दुसरी समोरच्या भिंतीवर. रेकॉर्ड प्लेयर, स्पीकर आणि माझा ॲम्प्लिफायर सुखरूप पोचले. ॲम्प तर दोन स्वेटरांत गुंडाळून हातातल्या बॅगेतून आणला, म्हणून. चौदा किलो. त्याच्यापायी ओव्हरकोट, जाड बूट आणि हिने काढून ठेवलेला कुकर मागे राहिला. महत्त्वाचं काय हे माणसाला कळायला हवं.

ॲम्पच्या पाठीवर लिहिलंय १२० व्होल्ट, जुन्या देशातल्या विजेचे. इथल्या भिंतीत २३०. क्षुल्लक बाब.

ही तिकडेच आहे, जुन्या घरी. शाळेत गणित शिकवते. घर लागलं की कळवा, मग शाळेचं बघते, म्हणाली. माझ्या अंदाजाने आठ दिवस. ॲम्प वाजला की घर लागलं. बाकी काय, एक कॉट आणि दोन खुर्च्या.

संकल्प : आठ दिवसांत संगीत. रोज सकाळी फिरणे. स्वयंपाक शिकणे. रोजनिशी थोडक्यात लिहिणे.

४ ऑक्टोबर, शनिवार

आभाळ आल्यासारखं वाटलं. फिरायला गेलो नाही.

५ ऑक्टोबर, रविवार, सकाळी ११

मेहुण्याचा फोन. हिचा धाकटा भाऊ. वीज कंपनीत आहे, त्यामुळे विजेवर आपलीच मालकी असल्यासारखा बोलतो. म्हणाला, भावजी, ते जुनं धूड कशाला नेलंत, तिथे नवा घ्यायचा. मी म्हणालो, बावीस वर्षं ऐकतोय मी ह्यावर, कान तयार झालेत त्याला. तो म्हणाला, मग स्टेप-डाउन, म्हणजे व्होल्ट उतरवणारा, ट्रान्सफॉर्मर घ्या, पण घ्यायच्या आधी मला विचारा.

विचारणार नाही. पुलांची ड्रॉइंग तपासून सह्या करतो मी. दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचाच मला पगार मिळतो.

६ ऑक्टोबर, सोमवार

ऑफिसचा पहिला दिवस. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ घरातसुद्धा मफलर काढत नसावेत. नाव सांगितलं त्यांनी, पण लक्षात राहिलं नाही. मनातल्या मनात मफलरच म्हणतो.

परतताना इलेक्ट्रिकच्या दुकानात गेलो. दुकानदाराने तळहाताएवढा एक कन्व्हर्टर दाखवला. वर लिहिलंय १६०० वॅट. वजन साबणाच्या वडीएवढं. मेहुणा ज्याचा एवढा बाऊ करत होता ते हे! हसू आलं. घेतला.

७ ऑक्टोबर, मंगळवार, संध्याकाळी ७

लावला. दीड मिनिट चालला. स्पीकरमधून भुंगा अडकल्यासारखा आवाज, मग वास, मग शांतता. ॲम्पचा फ्यूज गेला, नवा घातला. बाकी काही झालं नाही. म्हणजे फ्यूज उत्तम आहे हे सिद्ध झालं. चाचणी एकंदरीत यशस्वी.

कन्व्हर्टरच्या डब्यावर आतल्या बाजूला बारीक अक्षरात होतं : फक्त केस वाळवायचं यंत्र आणि इस्त्रीसाठी. बारीक अक्षरात लिहिणाऱ्यांचा मला मनस्वी राग आहे.

हिला सांगितलं, प्रगती आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार

आठ दिवस झाले, पण ते कामाचे आठ दिवस धरायला हवे होते.

मेहुण्याला सहज म्हणून फोन केला. मी काहीच बोललो नव्हतो तरी म्हणाला, जाळलात ना? लोखंडाचा गाभा आणि तांब्याची तार असलेला खराखुरा ट्रान्सफॉर्मर हवा, म्हणाला. ॲम्पला चारशे वॅट लागत असतील तर आठशेचा घ्या. माझंही तेच मत होतं. दीड हजार वॅटचा मागवला. उगाच काटकसर नको.

आज दिवसभरात किती वाक्यं बोललो ते मोजलं. फोन सोडून चार. त्यातलं एक भाजीवाल्याला : एकच बटाटा द्या. दुसरं त्याने एकच का असं डोळ्यांनी विचारल्यावर : सध्या एकच. घसा चांगला राहतो अशाने.

१९ ऑक्टोबर, रविवार

ट्रान्सफॉर्मर आला. सतरा किलो. पोचवणारा खालच्या दारात ठेवून निघून गेला. एकट्याने वर चढवला. दुसऱ्या मजल्यावर दम घ्यायला थांबलो तर तिथल्या बाईंनी दार उघडलं. पियानो शिकवतात. उंच, चष्मा, बोटं लांब. शिलाई मशीन आहे का, म्हणाल्या. मी ट्रान्सफॉर्मर म्हणजे काय ते समजावून सांगितलं. वीस मिनिटं. फार लक्ष देऊन ऐकलं त्यांनी. मध्ये एकदा आत जाऊन दूध बंद करून आल्या.

पाठ धरली आहे. फिरण्याचा संकल्प त्यामुळे तूर्त स्थगित.

हिचा फोन. नोव्हेंबरात शाळेला सुट्टी आहे, येऊ का म्हणाली. मी म्हणालो, अगं जरा थांब, ट्रान्सफॉर्मर आजच आलाय. नंतर व्होल्ट-अँपिअर आणि वॅट यांतला फरक सांगितला. ही ऐकत होती. बोला, मी ऐकतेय, असं दोनदा म्हणालीसुद्धा. मागे वह्यांची पानं उलटल्याचा आवाज येत होता.

२० ऑक्टोबर, सोमवार, संध्याकाळी साडेसहा

ट्रान्सफॉर्मरचं बटण दाबलं. घरातले सगळे दिवे गेले. मेन स्विच वर केला, पुन्हा दाबलं. पुन्हा गेले. चौथ्या वेळी खालच्या बाईंचेही गेले. त्यांच्याकडे तेव्हा कोणीतरी शिकत होतं. अंधारातही वाजवणं काही क्षण चालू राहिलं. गुणी विद्यार्थी.

सहाव्या खेपेला दिवे टिकले. ॲम्पचा हिरवा दिवा लागला. रेकॉर्ड लावली. घर भरून गेलं! अकरा मिनिटं.

मग गुणगुण ऐकू आली. स्पीकरमधून नाही, ट्रान्सफॉर्मरमधून. टेबल धरून बसलेल्या मोठ्या माशीसारखी.

२२ ऑक्टोबर, बुधवार

आणखी एक बारीकशी गोष्ट. रेकॉर्डवरच्या गाणाऱ्या बाई आता बुवा वाटतात. सगळंच संथ आणि जाड. मेहुणा म्हणाला, ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, विजेची सेकंदाची आवर्तनं बदलत नाही. तिकडे साठ, इकडे पन्नास. तुमच्या प्लेयरची मोटर सहातला एक फेरा कमी फिरणार. हे आधी सांगायला काय झालं होतं, विचारलं. म्हणाला, तुम्ही प्लेयर नेल्याचं सांगितलंत कुठे.

पण दोन दिवस ऐकून माझ्या लक्षात आलं की हीच लय योग्य आहे. शब्द न् शब्द कळतो. गायिका तेव्हा घाईत असावी. आज ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये रेडिओ चालू होता. सगळे कसे धावत सुटल्यासारखे गात होते.

२६ ऑक्टोबर, रविवार

गुणगुणीविरुद्ध मोहीम. ट्रान्सफॉर्मरखाली रबर घातलं. काही नाही. वर्तमानपत्रं घातली. काही नाही. मग माझी गादी दुमडून तिच्यावर ठेवला आणि वरून ब्लँकेट पांघरलं. आवाज निम्मा! पाऊण तासाने आतून टक् झालं आणि बंद पडला. गरम झाल्यावर आपोआप बंद होतो. शहाणी रचना.

गादी त्याला दिल्यामुळे मी कॉटच्या फळ्यांवर झोपतो. पाठीला फळी चांगली असते असं सगळे डॉक्टर म्हणतात.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

खालच्या बाई वर आल्या. रागावल्या नव्हत्या. म्हणाल्या, तुमच्या यंत्राचा सूर एका पांढऱ्या पट्टीच्या आणि पुढच्या काळीच्या मधोमध येतो. धड हा नाही, धड तो नाही. मुलांचे कान बिघडतात. सूर जरासा वर किंवा जरासा खाली करता येईल का? मी म्हणालो, ते वीज कंपनीच्या हातात आहे. त्यांनी दारातूनच आत पाहिलं. मग म्हणाल्या, तुम्ही जेवलात का? मी हो म्हणालो. ब्रेड आणि अंडं हे जेवणच आहे.

२ नोव्हेंबर, रविवार

श्रवणसंध्या. ऑफिसातल्या सात जणांना सांगितलं होतं. पाच वाजता. खुर्च्या दोनच, पण ऐकायला जमिनीवर बसावं. रेकॉर्डींचा क्रम लिहून काढला, प्रत्येकीची पार्श्वभूमी तयार केली.

साडेपाचला मफलर आले. बाकीच्यांना कामं निघाली असणार. ऐकायला मोठ्या गटापेक्षा एक जाणकार बरा. ट्रान्सफॉर्मर लावला, दिवे गेले. मेन स्विच, पुन्हा. नवव्या खेपेलाही टिकले नाहीत. मेणबत्तीच्या उजेडात बिस्किटं खाल्ली. मी पार्श्वभूमी सांगितली. मफलर म्हणाले, गाणं नसतानाही छान वाटलं. जाताना विचारलं त्यांनी, घरी कोणी नाही का. मी म्हणालो, आहे, येणार आहे, हे एवढं झालं की.

कार्यक्रम उत्तम झाला.

९ नोव्हेंबर, रविवार

हिने तिकीट काढलं! न विचारता. चौदाला येते, नऊ दिवस. मी म्हणालो, अगं पण अजून व्यवस्थित वाजत नाहीये. म्हणाली, मी रेकॉर्ड ऐकायला येत नाहीये.

मग कशाला, ते विचारायचं राहिलं.

संकल्प : चौदापर्यंत गुणगुण संपवणे. गादी परत घेणे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

ही आली. हातात माझा ओव्हरकोट, बॅगेत कुकर. दारात उभी राहून सगळं पाहिलं. गादीवर ट्रान्सफॉर्मर, टेबलाखाली वायरी, खिडकीत एक बटाटा. मग हसायला लागली, ती पुष्कळ वेळ हसत होती. शेवटी डोळे पुसले. प्रवासाचा शीण.

कुकरची शिट्टी ऐकली. बऱ्याच दिवसांनी घरात दुसरा आवाज.

१७ नोव्हेंबर, सोमवार

हिची आणि खालच्या बाईंची गट्टी जमली. दोघी बाजारात गेल्या, नदीकाठी गेल्या, कुठल्याशा बागेत बसल्या. मला चला म्हणत होती. मी चार दिवस रजा घेतली आहे ती वायरिंगसाठी, हे तिला समजावलं. ती असेपर्यंत वाजला पाहिजे. तिच्यासाठीच तर चाललंय सगळं.

बायकोचं मन रमलंय, हे पाहून बरं वाटतं.

२० नोव्हेंबर, गुरुवार, दुपारी ४

निर्णायक दिवस. सगळी जोडणी पहिल्यापासून केली. मी टेबलाखाली, ही मेन स्विचपाशी. आधीच बजावलं होतं, मी सांगेपर्यंत सप्लाय द्यायचा नाही. ती तिथून काहीतरी बोलत होती. शाळा, मोठ्या बाई, महिनाअखेर, असलं काहीतरी. माझ्या तोंडात स्क्रूड्रायव्हर. मध्येच म्हणाली, मग देऊ का? मी म्हणालो, नको, अजून नको. थोड्या वेळाने पुन्हा, खरंच सांगा, देऊ ना? नको म्हटलं ना, म्हणालो, मी सांगेन तेव्हा. मग तिने तिसऱ्यांदा विचारलं, अगदी हळू. मी उत्तर दिलं नाही. विजेच्या बाबतीत मी तडजोड करत नाही.

बाहेर आलो तेव्हा ती स्विचपाशी नव्हती. खाली बाईंकडे गेली होती. मीच सप्लाय दिला. दिवे गेले.

२३ नोव्हेंबर, रविवार

हिला विमानतळावर सोडलं. काळजी घ्या, म्हणाली. कॉलर नीट केली माझी. ओव्हरकोटाची. मी म्हणालो, पुढच्या वेळी येशील तेव्हा वाजत असेल. ती म्हणाली, वाजेल हो. एकंदर समाधानी दिसली.

घरी आलो. फ्रिजवर एक चिठ्ठी : वायरमनचा नंबर, मंगळवारी सहाला येईल. खालच्या बाईंच्या ओळखीचा. डब्यात तीन दिवसांचं जेवण आहे.

परस्पर वायरमन बोलावलेलं मला आवडत नाही. पण येऊ दे. दाखवू त्याला.

२५ नोव्हेंबर, मंगळवार, संध्याकाळी सात

वायरमन आला. दर दहा मिनिटांनी एक वाक्य बोलतो. ट्रान्सफॉर्मर उचलून बाहेरच्या पॅसेजमधल्या मीटरच्या कपाटात नेला, स्प्रिंगच्या पायांवर ठेवला. बटण दाबल्यावर करंट एकदम न घेता हळूहळू घेणारा एक डबा मध्ये जोडला. तिथून वायर आत आणली. प्लेयरच्या मोटरवरची कप्पी काढून थोडी मोठी बसवली. तीही बरोबर घेऊन आला होता. माप हिने दिलं होतं म्हणे, साठ भागिले पन्नास.

चाळीस मिनिटं.

मी विचारलं, हे इतकं सोपं होतं? तो म्हणाला, पहिल्या दिवशी बोलावलं असतंत तर पहिल्या दिवशी झालं असतं. माणूस ठीक आहे, पण बोलण्यात पोच नाही.

वाजतंय. दिवे जात नाहीत. गुणगुण नाही. घरात सुई पडली तर ऐकू येईल असं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

गायिका पुन्हा बाई झाल्या. फार भरभर गातात. सवय होईल.

२७ नोव्हेंबर, गुरुवार, संध्याकाळी ६

कोणाला तरी ऐकवावं म्हणून खालच्या बाईंना बोलावलं. एक पूर्ण बाजू डोळे मिटून ऐकली त्यांनी. सूर स्वच्छ आहे, म्हणाल्या. मला भरून आलं. म्हणालो, आता ही येईल तेव्हा असंच ऐकवीन.

त्यांनी डोळे उघडले. म्हणाल्या, त्या येणार आहेत? मला तर वेगळंच बोलल्या. राजीनाम्याचं पत्र पर्समध्ये घेऊनच आल्या होत्या. शाळेला महिनाअखेरपर्यंत कळवायचं होतं. गेल्या गुरुवारी खाली आल्या त्या माझ्याकडे बसून राहिल्या. राजीनामा देऊ का विचारलं, तर नको म्हणाले, म्हणाल्या. मला वाटलं तुमचं ठरलंय.

मी रेकॉर्डची दुसरी बाजू लावली. बाई थोडा वेळ बसल्या, मग शिकवणी आहे म्हणून गेल्या.

त्याच दिवशी, साडेसात

निव्वळ गैरसमज. मी सप्लायबद्दल बोलत होतो. एका फोनचं काम. आज सत्तावीस आहे, तीन दिवस हातात आहेत.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

फोन केला. ती शाळेत मीटिंगमध्ये. पुन्हा केला. मीटिंगमध्ये. मेहुण्याला केला. तो नेहमीसारखा काही शिकवायला गेला नाही. भावजी, तिच्याशीच बोला, एवढंच म्हणाला.

अजून दोन दिवस आहेत.

२९ नोव्हेंबर, शनिवार, सकाळी १०

फोन लागला. मी सगळं समजावून सांगितलं. मी टेबलाखाली होतो, तू स्विचपाशी, देऊ का म्हणालीस, मला वाटलं सप्लाय. फक्त शब्दाचा घोळ. ती हसली. खरंच हसली, रागाने नाही. म्हणाली, अहो, मला माहीत होतं तुम्ही सप्लायचंच बोलताय.

मी म्हणालो, मग?

ती म्हणाली, तुम्ही टेबलाखालून बाहेर येता का, एवढंच बघत होते. म्हणून तीनदा विचारलं.

पुढे म्हणाली, कालच्या मीटिंगमध्ये पुढची दोन वर्षं दहावीचे वर्ग घेते म्हणून सांगितलं शाळेत. सव्वीस वर्षं मी तुमच्या मागून गावं बदलली, आता ह्या मुलींचं गणित अर्धवट सोडवत नाही. सुट्टीत येईन ना. तुम्हीही या.

मी येतोच, म्हणालो. तारखेचा विषय दोघांनीही काढला नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

दोन वर्षं म्हणजे काही फार नाहीत. नीट नियोजन केलं तर जातील. संकल्प लिहायला बसलो. पहिला आकडा घातला. पुढे काही सुचलं नाही.

४ डिसेंबर, गुरुवार

मफलरांनी विचारलं, बसलं का तुमचं यंत्र? बसलं, म्हणालो. मग येतो की एकदा ऐकायला, म्हणाले. या म्हणालो. कधी, ते त्यांनीही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

७ डिसेंबर, रविवार, सकाळी ११

आज ॲम्प लावला नाही. हिला फोन केला. बोला, म्हणाली. बोलायला काही नव्हतं. हवा विचारली. तिने सांगितली. तिने जेवणाचं विचारलं. मी कुकर लावल्याचं सांगितलं. पाणी जास्त झालं होतं, ते नाही सांगितलं.

मी अडकलो की ती मला नेहमी वाट काढून देते. आजही दिली. म्हणाली, आणि तुमचा ट्रान्सफॉर्मर? कसा आहे?

चांगला आहे, म्हणालो.

किती व्होल्ट देतो नक्की?

एकशेवीस.

बरोबर देतो?

बरोबर.

ह्यावर पूर्वी मी चाळीस मिनिटं बोललो असतो. ती थांबली होती, बोलेन म्हणून. पेपर तपासायचे आहेत हो, म्हणाली शेवटी, ठेवू? ठेव, म्हणालो. लगेच नाही ठेवला तिने. मग ठेवला.